कोणाची गं तू?

बेल वाजली तेव्हा रोझविटा सूपसाठी बटाटे धूत होती. ओले हात ॲप्रनला पुसत तिने दार उघडलं, तर जिन्यात चार मुलं उभी. पुढे काठीला सोनेरी कागदाचा तारा लावलेला एक लांबुडका मुलगा, आणि त्याच्यामागे पडद्याच्या कापडाचे झगे घातलेले तीन राजे. बाळ येशूला भेटायला ताऱ्यामागून आलेल्या तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, ही मुलं यायचीच. गाणं म्हणायचं, डब्यात कोणी काही टाकलं की दाराच्या चौकटीवर खडूने साल आणि तीन राजांची तीन अक्षरं लिहायची, म्हणजे वर्षभर त्या घराला काही बाधत नाही. दोन राजे मनापासून बेसूर गात होते. तिसरा राजा रिवाजाप्रमाणे काळा, आणि तो म्हणजे सहासात वर्षांची एक मुलगी होती. तोंडाला काळा रंग चोपडलेला, कानामागची गोरी कातडी तशीच राहिलेली, नाकाखालचा रंग सर्दीने धुऊन निघालेला. ती गातच नव्हती. ती टक लावून रोझविटाच्या तोंडाकडे बघत होती, आणि गाणं संपायच्या आत तिने गाल खाजवत विचारलं, "तुम्ही कुठला रंग लावलाय? तुमचा खाजत नाही का? माझा भयंकर खाजतोय." ताऱ्यावाला कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "गप गं स्वेन्या!" म्हणत त्याने तिच्या झग्याला हिसका दिला. "पण बघ ना, यांचा किती छान बसलाय," स्वेन्या म्हणाली. तिच्या आवाजात कुचकेपणाचा लवलेशही नव्हता, होता तो निव्वळ हेवा. "माझा फार जुना आहे," रोझविटा म्हणाली, "म्हणून बसलाय." मग तिने डब्यात नाणी टाकली, प्रत्येकाच्या हातावर दालचिनीची बिस्किटं ठेवली, आणि ताऱ्यावाल्याने टाचा उंचावून चौकटीवर खडू ओढला.

दार लावल्यावर तिला हसू आलं. एकटीच हसत ती स्वयंपाकघरात आली, आणि धुतलेलेच बटाटे पुन्हा धुवायला लागली. हे काय आता, तिने स्वतःलाच दटावलं. एवढ्याशा पोरीच्या बोलण्याने भांबावायला आपण काय काचेच्या आहोत? याहून कितीतरी जास्त ऐकून घेतलेलं होतं. टेलिफोनच्या चौकशीखात्यात ती नोकरी करायची, आणि तिथे दिवसभर कोलोन शहराची माणसं तिच्याशी घरच्यासारखी बोलत, दुखऱ्या गुडघ्यांबद्दल सांगत, 'आमच्या इमारतीत हल्ली सगळे परदेशी भरलेत हो बाई' म्हणून कुजबुजत. तीच माणसं ट्राममध्ये समोर बसली की सावकाश, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारत, 'तुम्ही, कुठल्या?' पिर्माझेन्सजवळची, म्हणजे इथलीच, जर्मनीतली, असं ती सांगायची. 'नाही, पण मूळच्या?' मूळचीही पिर्माझेन्सजवळचीच. मग समोरचा माणूस आपली थोडी फसवणूक झाल्यासारखा खिडकीबाहेर बघायचा. या सगळ्याला ती सरावली होती. स्वेन्याने मात्र कुठली म्हणून विचारलं नव्हतं. तिने रोझविटाला आपल्यासारखीच मानलं होतं, रंग लावलेली, आत कोणीतरी दुसरीच असलेली. आणि नेमकी तीच गोष्ट रोझविटाने गेले तीन महिने लिहिली होती. टेबलावर बटाट्यांच्या पलीकडे, प्लमच्या केकशेजारी ते कागद पडले होते, आणि चार वाजता गीझेला ते न्यायला आणि जेवायला येणार होती.

गीझेला टेट्टे ही तशी अलीकडची मैत्रीण. वर्षापूर्वी एका दुकानाच्या वरच्या खोलीत आठदहा बायका जमल्या होत्या. कोणाचा बाप घानाचा, कोणाचा अमेरिकन सैनिक, कोणाचा कॅमेरूनहून शिकायला आलेला. आया सगळ्यांच्या इथल्याच. रोझविटा दारातच थबकली होती. खोलीभर आपल्यासारखी माणसं तिने आयुष्यात पाहिली नव्हती, आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या तेव्हा कोणी बर्लिनच्या हेलात, कोणी हांबुर्गच्या, कोणी ठार बव्हेरियन, हे ऐकून तिला रडू आणि हसू एकाच वेळी फुटलं होतं. त्या दिवशी तिला एक शब्द मिळाला, आफ्रो-जर्मन. तोवर तिच्यासाठी पुष्कळ शब्द होते, त्यातले निम्मे चारचौघांत उच्चारण्याजोगे नव्हते. 'छावणीचं मूल', म्हणजे अमेरिकन सैनिकाचं, हा त्यातला सभ्य. नवा शब्द नव्या बुटासारखा असतो, आधी चावतो. तिने तो घरात घालून पाहिला, कामावर जाताना मनातल्या मनात घालून पाहिला, आणि हळूहळू तो पायाला बसला. मग गीझेलाच्या डोक्यात पुस्तकाचं आलं. प्रत्येकीने आपली गोष्ट लिहायची, स्वतःच्या नावाने, कोणी तज्ज्ञ नको, कोणाची प्रस्तावना नको. गीझेला बोलायला फटकळ. तिला कोणी 'परत कधी जाणार?' म्हणून विचारलं की ती घड्याळात बघून 'साडेपाचच्या गाडीने' असं सांगायची. ती वाढली वेस्टफालियातल्या एका बालकाश्रमात, पण त्याबद्दल विचारलं तर तिच्याकडे नुसते विनोद असायचे. एकदाच, इथेच या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना, साल एकसंध लांबलचक काढत ती म्हणाली होती, "हे मला लेनेने शिकवलं. आश्रमात स्वयंपाक करायची." आणि मग विषय बदलला होता. तर या गीझेलाने रोझविटाचं लिखाण वाचून डिसेंबरात परत आणून दिलं. "सगळं चांगलं आहे," ती म्हणाली, "शाळा आहे, फादर आहे, ती कजाग आगाथाबाई आहे. आई कुठाय?"

आई नव्हती, हे खरं होतं. आईने तसं बजावलंच होतं. हेडविग क्लाम, वय छप्पन्न, बुटांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर उभा जन्म गेलेला. शरद ऋतूत रोझविटाने तिला पुस्तकाचं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली होती. मग म्हणाली, "लिही बाई तुला काय लिहायचं ते. मला त्यातून वगळ. मला अजून याच गावात पाव आणायला जायचंय." यावर काय बोलणार? एकदा हेडविगने क्लाम घराण्याच्या तोंडाला काळं फासलं म्हणून गाव वर्षानुवर्षं बोललं होतं, तिच्या सख्ख्या भावाने त्या पायी उंबरा सोडला होता. त्या बाईने आता उतारवयात पुन्हा पुस्तकात जाऊन का बसावं? तेव्हा रोझविटाने आईला काळजीपूर्वक वगळलं. आईच्या जागी कुठे 'घरी' असं लिहिलं, कुठे 'त्यांनी'. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि आता छापायला जायच्या आदल्या दिवशी ती ते कागद पुढ्यात ठेवून, सुरी आणि पहिला बटाटा हातात घेऊन उभी होती, आणि आईचं नाव नसलेला प्रत्येक परिच्छेद तिला ओळखीच्या घरातून कपाट हलवल्यावर भिंतीवर जी फिकट चौकोनी जागा राहते तसा दिसत होता.

तिच्या गावात मुलांना नाव विचारत नसत. रस्त्यात कोणतंही पोर दिसलं की म्हातारी माणसं काठी टेकून थांबत आणि विचारत, "कोणाची गं तू?" मग सांगायचं, मी बेकरची, मी हुबर्ट सुताराची धाकटी. त्यावर म्हातारी माणसं मान हलवत, 'असं होय, तरीच नाक तसं' म्हणत, आणि खिशातून एखादी गोळी काढत. यात गोळी महत्त्वाची नव्हती. एकदा कोणाची ते सांगितलं की तू सगळ्यांचीच झालीस, पडलीस तर कोणीही उचलणार, चुकलीस तर कोणीही कान पिळणार. रोझविटाला हे कोणी कधीच विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, मैलावरून कळत होतं. म्हातारी माणसं तिच्या बरोबरच्या मुलीला विचारत, तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत, आणि पुढे जात. पाच वर्षांची असताना तिने आरशासमोर उभं राहून दोन्ही आवाज स्वतःच काढले होते. जाड आवाजात, कोणाची गं तू? बारीक आवाजात, मी हेडविगची. मग शेजारणीचा, मग सुताराचा, असे सगळ्या गावाचे आवाज काढून तिने स्वतःला विचारून घेतलं, आणि खोलीत आई आल्याचं तिला कळलंही नाही. आई दारात उभी राहिली होती, हातात न वाळलेले कपडे.

आठ वर्षांची झाली तेव्हा तिला राजा केलं. मुलींना तेव्हा राजा करत नसत. पण फादरांनी त्या वर्षी मुलगी चालेल म्हणून सांगितलं. वर्गणी आफ्रिकेतल्या मिशनसाठी जाणार होती, आणि काळा राजा, गाव म्हणालं, आयताच आहे. तिला आठवतो तो कापराच्या आणि मेणाच्या वासाचा अंधार, चर्चच्या बाजूची ती खोली, आईच्या निळ्या चादरीचा झगा. आणि मागून आलेला एक हात. त्या हाताने तिची हनुवटी धरली, घट्ट पण हलकेच, आणि दुसऱ्या हाताने वाइनच्या बाटलीचं जाळलेलं बूच तिच्या कपाळावर, गालांवर, नाकावर फिरवलं. काजळी कोमट होती. "माझं तर आहेच ना काळं," ती म्हणाली होती. "गप बस," मागून कोणीतरी म्हणालं, "राजाला काजळी लागतेच." इतर दोन राजे आणि ताऱ्यावाला, बेकरचा एडमुंड, हे बघत उभे होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही यात वावगं वाटलं नव्हतं. रीत म्हणजे रीत. तिच्या लिखाणात इथे वाक्य होतं: 'फादरांकडे घरकाम करणाऱ्या आगाथाबाईंनी माझ्या आधीच काळ्या असलेल्या तोंडाला काजळी फासली.' दुकानावरच्या खोलीत तिने हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या होत्या आणि मग एकदम गप्प झाल्या होत्या.

तो दिवस मात्र, हे ती लिहू शकली नव्हती, सुखाचा होता. बर्फ पडलेलं होतं आणि दारं उघडत होती. ज्या घरांच्या पायऱ्या तिला ठाऊक नव्हत्या त्या घरांच्या चुलीपाशी ती उभी राहिली. माणसं तिघांकडे सारखंच बघत होती, तिच्या झग्याला हात लावून 'काय झोकदार राजा' म्हणत होती. गरम दूध मिळालं, एका घरात तर बसायला स्टूल मिळालं. काजळीखाली तिचं तोंड ऊबदार आणि मोकळं होतं. वरच्या आळीत शेवटच्या घरात रेझी म्हातारी राहायची, डोळ्यांत फूल पडलेलं, चिमटीत धरून वस्तू ओळखायची. तिने तिन्ही राजांना ओळीत उभं केलं आणि एकेकाला विचारलं. कोणाचा तू? कोणाचा रे तू? मग तिच्यापाशी आली, तिच्या काळ्या तोंडाजवळ आपलं सुरकुतलेलं तोंड आणून म्हणाली, "आणि कोणाची गं तू?" इतकी वर्षं तयार असलेलं उत्तर. "हेडविग क्लामची!" ती ओरडलीच. रेझीने अंगठा जिभेला लावला, रोझविटाचा गाल पुसला, अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि खो खो हसली. "मग काजळी कशाला फुकट घालवली?" एडमुंड हसला, राजे हसले, आणि थोड्या वेळाने, आपण एकट्याच न हसता राहू नये म्हणून, रोझविटाही हसली. हा प्रसंग लिखाणात होता, शब्दन् शब्द होता. गीझेलाने त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती.

संध्याकाळी आईने तिला परातीत उभं करून धुतलं. काजळी निघता निघत नव्हती. पाणी काळं झालं, दुसरं घेतलं, तेही काळं झालं. "निघालं का सगळं?" तिने विचारलं होतं. आई फडकं बाजूला ठेवून नुसत्या हातानेच तिचा गाल चोळत राहिली, आणि तिच्या हातांना नेहमीचा वास होता, बुटांचे तळ चिकटवायच्या सोल्युशनचा, साबणानेही न जाणारा. कारखान्यातून आलेल्या सगळ्या बायांच्या हातांना तो असायचा, पण आईचा हात म्हणजे तोच वास, झोपताना डोक्यावर, तापात कपाळावर. इथे रोझविटाचा हात सुरीवर थांबला. बटाटा पाण्यात पडला. कारण तो वास संध्याकाळचा नव्हता. म्हणजे संध्याकाळीही होताच, पण त्याच्या आधी सकाळी होता. कापराच्या, मेणाच्या, जळक्या बुचाच्या वासाच्या खाली, हनुवटी धरलेल्या बोटांना. आगाथाबाई फादरांकडे भांडी घासायची, लोणी काढायची. तिने जन्मात कारखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेवीस वर्षं तो वास आपल्या नाकात होता आणि आपण पाप घातलं त्या बिचाऱ्या आगाथाबाईच्या माथी, तीही मरून आता दहाएक वर्षं झाली. 'राजाला काजळी लागतेच.' आवाजही आगाथाबाईचा नव्हता. तो घोगरा होता, रडू दाबल्यावर होतो तसा, आणि म्हणूनच तिने तो ओळखला नव्हता; का ओळखायचा नव्हता? ती खुर्चीवर बसली. तिला आईचा राग आला, असा राग की कानशिलं तापली. गावाने जे केलं ते गावाने केलं. पण तू? तुला काय कमी वाटलं माझ्या तोंडात?

दर रविवारी ती आईला पाच वाजता फोन करायची. आज तीनच वाजले होते. पलीकडे रेडिओवर बँड वाजत होता.

"काय गं, आज लवकर? सूप करपलं का?" गावच्या बोलीत आई म्हणाली. कोलोनच्या माणसांना अर्धी कळणार नाही अशी ती बोली, आणि आईचा आवाज कानावर पडला की रोझविटाच्या तोंडातही तीच यायची.

"आई, राजे येऊन गेले."

"आमच्याकडेही आले. तिघीही मुलीच. काय मेलं गाणं, नुसतं पुटपुटतात."

"आई, माझ्या तोंडाला काजळी कोणी लावली होती?"

बँड वाजत राहिला. मग कोणीतरी रेडिओ बंद केला. आईच्या घरात आईशिवाय कोणी नव्हतं.

"आगाथाने ना. तूच म्हणतेस नेहमी."

"आगाथाच्या हाताला सोल्युशनचा वास नव्हता, आई."

आई म्हणाली, "मी लावली. आणि फादरांच्या दारातही मीच गेले होते. तुला राजा करा म्हणून."

"का?"

"का म्हणजे काय? तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते? त्या ऑक्टोबरात बालकल्याण कचेरीतली बाई तिसऱ्यांदा आली होती. वाईट नव्हती गं. बोलणं गोड, कोट चांगला. म्हणाली, अमेरिकेत एक कुटुंब आहे, काळंच आहे, देवाधर्माचं आहे. पोरीला आपल्या माणसांत वाढू द्या. मी म्हटलं, आपल्या माणसांतच वाढतेय, मग मी कोण? तर म्हणाली, तुम्ही आहात हो, पण गाव? गावातल्या एका तरी घरात ही पोर आत जाते का? मी कोणत्या तोंडाने बोलणार! फादरांकडून लिहून घ्यायचं होतं तिला, की इथे पोरीचं भलं होणार नाही. म्हणून मी गेले फादरांकडे. म्हटलं, एक दिवस तिला घरोघर जाऊ द्या, मग लिहा काय लिहायचं ते. ते म्हणाले, पण मुलगी? मी म्हटलं, राजा आयता मिळतोय तुम्हाला."

"आयता होता ना? मग काजळी कशाला, आई?" तिचा आवाज चढला होता. "मी म्हटलं होतं, माझं आहेच काळं म्हणून. तू मला गप बस म्हणालीस."

"हो. म्हणाले." आईने श्वास घेतला. "तशीच गेली असतीस तर दार अर्धं उघडून म्हणाले असते, हेडविगची ती आली. डब्यात टाकून मोकळे. काजळी लावली की खाली कोण आहे ते कोणाला दिसतंय? गावातल्या निम्म्या पोरांनी कधी ना कधी लावलीय. एक दिवस तू त्यांच्यातली एक. मला वाटलं, एखाद्या दारात कोणीतरी चुकून का होईना..."

"विचारेल."

"तू आरशात स्वतःला विचारायचीस, रोझल. मी पाहिलंय."

रोझविटाचा राग तिच्या हातातच होता, पण तो आता कुठे ठेवावा हे तिला कळेना. खिडकीखालून ट्राम गेली. "विचारलं होतं," ती म्हणाली. "रेझीने."

"रेझीने?" आई जवळजवळ ओरडली. "त्या आंधळीने? आणि तू मला आज सांगतेस! काय सांगितलंस तिला?"

"तुझं नाव."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

पलीकडे आईने नाक शिंकरलं. आणि मग, लाजत, लग्नाच्या गोष्टी काढाव्यात तसं, विचारलं, "मग? काय म्हणाली रेझी?"

कागद समोरच होता. पेन्सिलची रेघही. 'बरं' म्हणाली, असं सांगितलं की झालं. 'तरीच नाक तसं' म्हणाली, असं सांगितलं तर आई आज झोपताना हसेल. मग चार वाजता गीझेलाला म्हणायचं, हे पान राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका बाईने एका सकाळी बाटलीचं बूच जाळून जे काही मिळवू पाहिलं होतं, ते तिला तेवीस वर्षांनी द्यायला एक खोटा शब्द पुरत होता. रोझविटाच्या जिभेवर तो शब्द आलाही. पण आयुष्यभर तिच्याशी माणसं असंच बोलत आली होती, तिला बरं वाटावं म्हणून. तुमच्या रंगाला पिवळं किती शोभतं, तुमची भाषा किती चांगली आहे. आईशी तरी तसं बोलायचं नव्हतं. "म्हणाली," रोझविटाने सांगितलं, "मग काजळी कशाला फुकट घालवली?"

पलीकडून एक बारीक आवाज आला, आणि आई रडतेय असं तिला वाटलं, पण तो आवाज वाढत गेला आणि आई हसत होती. रडतही असेल. "बरोबर बोलली मेली," आई म्हणाली. "बरोबरच बोलली. चांगल्या बाटलीचं बूच होतं गं ते, तुझ्या बारशाची बाटली." रोझविटाही हसायला लागली, आणि हे हसणं रेझीच्या दारातलं नव्हतं. मग आई थांबली. "पण फुकट नाही हां गेली," ती हळू म्हणाली. "फादरांनी मार्चमध्ये लिहिलं, मुलगी गावात मिसळते, घरोघर जाते, पाठवायची गरज नाही. बाई परत आली नाही."

रोझविटाने खुर्चीची पाठ धरली. अमेरिकेतलं ते देवाधर्माचं कुटुंब, कुठल्याशा गावातलं टेबल, तिच्यासाठी ठेवलेली खुर्ची, हे सगळं तिच्यासमोर एकदम उभं राहिलं आणि विरून गेलं. तिला त्या माणसांचीही माया वाटली. "आई, तू चूक केलीस," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मला अजून राग आहे."

"असू दे. तो तुझा आहे." आई खोकली. "लिहिलंयस ना हे सगळं? मग आगाथाचं नाव काढ त्यातून. मेलेल्या बाईवर कशाला उगाच. माझं घाल."

"आणि तुझा पाव?"

"पाव काय, पलीकडच्या गावातही मिळतो. आणि नुसतं आई असं लिहू नकोस, आया काय ढिगाने असतात. नाव घाल. हेडविग. शेवटी ग आहे म्हणावं, क नाही." आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सवयीने, "आज ती येणार ना तुझी मैत्रीण? गीझेला? मी काय म्हणते, ती कोणाची गं?"

"विचारते," रोझविटा म्हणाली.

तिने पेन घेऊन आगाथाबाईंवर काट मारली, वर लिहिलं, 'माझ्या आईने, हेडविग क्लामने', आणि ग गिरवला. पुढचं बरंच लिहायचं होतं. कडेला जागा पुरेना म्हणून ती कागदाच्या मागे गेली. गीझेला आली तेव्हा अर्धं पान भरलं होतं आणि बटाटे तसेच होते. "माणसाला जेवायला बोलवायचं आणि कामाला लावायचं," असं म्हणत गीझेलाने कोट फेकला, सुरी उचलली, आणि खुर्चीवर मांडी ठोकून सोलायला लागली. "त्यात बटाट्याच्या सूपबरोबर प्लमचा केक! तुम्ही गावातली माणसं खरंच रानटी. दाराला कोणी खडू लावला? आणि आई आली का लिखाणात?"

"आली," रोझविटा म्हणाली. "आई तुझं विचारत होती."

"काय? कुठली म्हणून?" गीझेला हसली. तिने घड्याळाकडे बघितलंच होतं. "सांग, साडेपाचच्या..."

"नाही. कोणाची म्हणून विचारत होती. आमच्या गावात तसंच विचारतात. कोणाची गं तू?"

गीझेलाजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, आणि ती आता उत्तर शोधते आहे हे रोझविटाला दिसलं, एकेक खिसा चाचपून बघावा तसं. आपण विचारायला नको होतं, असं तिच्या मनात आलं. पण प्रश्न परत घेतला नाही. गीझेलाने मान खाली घातली आणि हातातला बटाटा पुरा सोलला, सावकाश, साल न तोडता. ती लांबलचक साल तिने टेबलावर ठेवली, बोटाने सरळ केली.

"लेनेची," ती म्हणाली. मग घसा साफ करून, पलीकडे फोनवर कोणी ऐकत असल्यासारखं, मोठ्याने पुन्हा म्हणाली, "सांग त्यांना. मी लेनेची."